सहाव्या दिवसाचा रिपोर्ट

"आधी चालू सांगतो, मग बंद."

पाळी बदलताना भाऊ माझ्या टेबलासमोर उभे राहायचे, चिंधीला हात पुसायचे आणि हे वाक्य म्हणायचे. मग एकेक बोट मोडत चालू असलेल्या सगळ्या मशीनचे नंबर सांगायचे. बंद पडलेलं मशीन अगदी शेवटी. मला खरं तर बंदचंच ऐकायचं असायचं. सूत काढणाऱ्या कारखान्यातल्या प्रॉडक्शन मॅनेजरला चालू मशीनचं काय कौतुक? पण भाऊंना मध्येच तोडलं की ते पुन्हा एक नंबरपासून सुरुवात करत, त्यामुळे मी निमूट ऐकायला शिकलो.

सिल्वासात तुम्ही कधी नोकरी केली असेल तर असा एखादा फिटर तुम्हीही पाहिला असेल. धुळ्याकडचा माणूस. चार वर्षं काढू आणि परत जाऊ, म्हणून सामरवरणीत दोन खोल्या घेतल्या, त्याला तीस वर्षं होऊन गेली. एकाच वाक्यात मराठी, गुजराती आणि हिंदी. मी नाशिकचा, बायकामुलं नाशिकलाच, डोकमर्डीच्या फ्लॅटमध्ये एकटा राहणारा. वयानं त्यांच्याहून पंधरा वर्षं लहान आणि तरी त्यांचा साहेब. हे "तरी" त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही.

सगळा संसार त्यांनी चालू आणि बंद या दोन खान्यांत बसवला होता. मुलीचं लग्न करून पेढे घेऊन आले तेव्हा म्हणाले, "आधी चालू. जावई पुण्यात, नोकरी पक्की, सासू मवाळ. बंद म्हणाल तर मांडवातले पंखे. दोन तास." एकदा ते तापानं पडले होते म्हणून मी घरी गेलो. अंथरुणातूनच रिपोर्ट आला, "हातपाय चालू आहेत साहेब. डोकं बंद."

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "ते तर लग्नाच्या आधीपासून बंद आहे."

वहिनींची आणि माझी ओळख झाली ती अशी. त्या दिवशी त्यांनी मला शेवभाजी वाढली. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दुसऱ्यांदा घेतली, कारण कुणी बसवून वाढण्याची सवयच सुटली होती.

मुलीनं आईवडिलांना अंदमानला पाठवायचं ठरवलं आणि वापीच्या एका टूरवाल्याकडे परस्पर नावं नोंदवून टाकली. तिथले सहा दिवस. भाऊ रजेचा अर्ज घेऊन आले ते चोरी पकडली गेल्यासारखे. "काय करू साहेब, पोरगी ऐकूच नाही राहिली." वडील गेले तेव्हा सोडलं तर एवढी सलग सुट्टी त्यांनी कधी घेतली नव्हती. मी सही केली आणि म्हणालो, "मजा करा." ते म्हणाले, "करतो," पण चार नंबरच्या मशीनकडे बघत.

परत आल्यावर कँटीनमध्ये ती ट्रिप आम्ही इतक्या वेळा ऐकली की मी अंदमानला न जाताही तुम्हाला फिरवून आणीन. पहिला दिवस, "विमान चालू, माझे कान बंद." दुसऱ्या दिवशी पलीकडच्या छोट्या बेटावर जायची बोट. "बोट चालू, मी बंद. उलट्या नुसत्या. अन तुमची वहिनी शेजारी बसून शेंगदाणे खाऊ राहिली." बाटलीभर ठेचा नेला होता, तो टूरमधल्या गुजराती मंडळींनी त्याच संध्याकाळी संपवला. मग पुढे चार घास पोटात जाईनात, सगळ्यात नारळ. हे बंदच्या खात्यात.

तिसरा दिवस सांगताना भाऊंचा आवाज खाली यायचा. "पाणी एवढं साफ की पायाची नखं मोजून घ्या. ती गुडघ्यापर्यंत साडी खोचून उभी राहिली. मी म्हणलं, चल आता. ती म्हणे, थांबा ना. तासभर उभी. जन्मभर पाणी भरलं तिनं, पण पाण्यात नुसतं उभं राहायला कधी मिळालं होतं?" चौथ्या दिवशी तळाला काच असलेली बोट. त्यातला एक मासा हुबेहूब आमच्या जनरल मॅनेजरसारखा निघाला. आणि बंदमध्ये मोबाईलची रेंज. रूमवर नाही, बाजारात नाही, फक्त जेट्टीवर. घरी फोन करायचा तर सगळी टूर जेट्टीवर जाऊन उभी राहायची.

एवढं झालं की भाऊ चहा उचलायचे. नवा कुणी असला तर विचारायचा, "भाऊ, टूर सहा दिवसांची होती ना?"

तेव्हा मी माझ्या कपात बघायचो. कारण चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांना फोन मी केला होता.

चार नंबर बंद पडलं होतं. आमच्या इलेक्ट्रिशियनना दोष सापडत नव्हता. सुरतेहून कंपनीचा इंजिनीअर यायला दोन दिवस लागणार होते आणि मालक दर तासाला विचारत होते. भाऊ मुलीला फोन करायला जेट्टीवर आले होते, म्हणून माझा फोन लागला. मी म्हणालो, "भाऊ, चार नंबर उभं आहे. तुम्ही असता तर..." पलीकडून जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग ते म्हणाले, "येतो."

मी "नको" म्हणालो नाही. म्हणायला एक सेकंदही लागला नसता.

वहिनी आल्या नाहीत. "तुम्ही जा. माझे दोन दिवस अजून बाकी आहेत," असं म्हणाल्या. जी बाई वापीला एकटी गेली नव्हती, ती समुद्रापलीकडे दोन दिवस परक्या माणसांत राहिली. घरातला एकुलता मोबाईल भाऊंनी त्यांच्या हातात दिला आणि पाचव्या दिवशी बोट, विमान, ट्रेन करत ते निघाले. सहाव्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीला थेट कारखान्यात हजर. "जरा बाजूला व्हा, करंट आहे," म्हणून सगळ्यांना लांब केलं, पॅनलच्या मागे डोकं घातलं आणि चाळीस मिनिटांत मशीन सुरू केलं. मालकांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. मी म्हणालो, "आलाच आहात तर बाकीच्या मशीनवरही नजर टाका." संध्याकाळपर्यंत ते नजर टाकत होते.

वहिनी परत आल्यावर मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. मनाला लागलं होतं, दुसरं काय. त्या भाकरी थापत पाचव्या दिवसाचं सांगत होत्या. साडीवर लाईफ जॅकेट घातलं, डोळ्यांना तो चष्मा लावला आणि पाण्यात तोंड घालून खालची दुनिया पाहिली. "भीती वाटली. पण म्हटलं, आता हे नाहीत तर मागं ओढायला कोण आहे?" भाऊ भिंतीला टेकून ऐकत होते, तोंड उघडं ठेवून.

"अन सहावा?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली. "सहावा नाही सांगायची. तो माझा आहे."

"पाहा साहेब, कसा भाव खाऊ राहिली," भाऊ म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

पुढे त्या दोघांचा तो खेळच झाला. महिन्यातून एकदा तरी पाळीच्या रिपोर्टनंतर भाऊ हळूच म्हणायचे, "सहावा अजून बंद. कालही नाही सांगितला." त्यांना वाटायचं, काहीतरी फार मोठं पाहिलंय तिनं. मलाही वाटायचं.

वर्षाच्या आत वहिनी गेल्या. आधी कावीळ म्हणाले, मग ते वाढलं. अठरा दिवस दवाखान्यात होत्या. कार्य आटोपून भाऊ कामावर आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले, हात पुसले. हात स्वच्छ होते. "आधी चालू..." म्हणाले आणि थांबले. मी वाट पाहिली. ते तसेच मशीनकडे गेले.

त्यानंतर रिपोर्टमध्ये फक्त मशीन उरली. जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन गोडाऊनच्या मागे बसू लागले. एक दिवस मीही माझा डबा घेऊन तिथे गेलो. दोघांचेही डबे एकाच मेसचे निघाले.

"साहेब, तुम्हाला बोलता येतं चांगलं," ते म्हणाले. "त्या टूरवाल्याला विचारा ना. सहाव्या दिवशी ती कुठं गेली होती? मला बाकी काही नको. सहाच दिवस तर होते, अन त्यातला एक मला माहीतच नाही."

मला राहवलं नाही. म्हणालो, "भाऊ, चूक माझी आहे. मी फोन करायला नको होता."

त्यांनी मान हलवली. "तुमच्या फोनसाठी नाही आलो मी. चार नंबरच्या झाकणाचा स्विच गेला होता. झाकण उघडलं की मशीन थांबायला पाहिजे, तो. नवा यायला वेळ होता. मी निघायच्या आदल्या दिवशी पॅनलमागं तार बांधून तो स्विच कायमचा दाबल्यासारखा करून ठेवला. रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. तुम्ही फोन केला अन मला कळलं, तार सुटली. फोनवर सांगितलं असतं तर तार तुम्ही पाहिली असती, अन माझी नोकरी गेली असती. म्हणून पळत आलो. तीस वर्षांत एकच बंद लपवलं साहेब."

असा जुगाड पकडला असता तर मी त्यांना खरंच घरी बसवलं असतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

टूरवाल्यानं नवसारीच्या एका बाईंचा नंबर दिला. भाऊ निघून आल्यावर त्या वहिनींबरोबर खोलीत होत्या. मी फोन करून ओळख सांगितली. त्यांना लगेच आठवलं. "ए बेन तो आखो दिवस जेट्टी पर ज बेसी रह्या हता," त्या म्हणाल्या. सगळी टूर दुसऱ्या किनाऱ्यावर गेली, वहिनी गेल्याच नाहीत. सकाळपासून जेट्टीवर, मांडीवर मोबाईल. "पोचलो की साहेबांच्या फोनवरून लावतो, असं हे सांगून गेलेत," असं वहिनींनी या बाईंना सांगितलं होतं. या बाईंनी संध्याकाळी हाताला धरून त्यांना खोलीवर आणलं. तेव्हाही वहिनी त्यांनाच समजावत होत्या, "मशीनमध्ये हात असतील त्यांचे. त्यांना भान राहत नाही."

साहेबांचा फोन. तो त्या दिवशी सबंध वेळ माझ्या शर्टाच्या खिशात होता.

दोन दिवस मी भाऊंना टाळलं. तिसऱ्या दिवशी तेच येऊन उभे राहिले. मी ठरवलेलं वाक्य म्हटलं, "वहिनी त्या दिवशी जेट्टीवर बसल्या होत्या. दिवसभर समुद्र बघत. छान वाटलं त्यांना, असं त्या बाई म्हणाल्या."

"हे चालू झालं," भाऊ म्हणाले. "अन बंद?"

"बंद काही नाही."

"असं कधी होतं का साहेब?" ते चिंधी हातात फिरवत राहिले. मग थांबले. "जेट्टीवर रेंज असायची," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "फोन तिच्यापाशी होता." आणि मग इतक्या हळू, की मशीनच्या आवाजात मला ते ओठांवरून वाचावं लागलं, "तुमचा फोन मागायचा राहिलाच माझ्याकडून."

मी खोटं बोललो याचा त्यांनी कधी उल्लेख केला नाही. वहिनींनी शेवटपर्यंत जे पोटात ठेवलं, ते मला दोन मिनिटंही ठेवता आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

त्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी मालक मशीनबद्दल बोलले. सामरवरणीच्या खोल्या सोडून भाऊ गावी गेले. चार नंबरही आता भंगारात गेलं. नवी मशीन आपला रिपोर्ट आपणच पडद्यावर देतात, आधी बंद, लाल अक्षरात. चालूचं कुणी सांगत नाही.

मागच्या थंडीत एक दिवस कारखान्यातच माझा मोबाईल वाजला. भाऊंचा नंबर. मागे वारा होता, आणि तो वारा मी ओळखला.

"भाऊ, कुठे आहात?"

"जेट्टीवर. त्याच टूरवाल्याबरोबर आलो. एकटाच. सकाळी सातला येऊन बसलो साहेब, आता चार वाजले." मग थांबून म्हणाले, "दिवस लई मोठा राहतो इथं."

इतकी वर्षं ज्यांनी रोज मला शिकवलं, त्यांचंच वाक्य तोंडात आलं. म्हणालो, "आधी चालू सांगा, भाऊ."

पलीकडे वाऱ्याचा आवाज वाढला.

"रेंज चालू आहे," ते म्हणाले. "पूर्ण."