खोक्यातली चषकाएवढी जागा

बहारीनच्या हमद टाउनमधल्या कंपनीच्या क्वार्टर्समध्ये त्याची खोली होती. पलंगाच्या पायथ्याशी कमरेइतक्या उंचीचे एक पुठ्ठ्याचे खोके असायचे. गावी पाठवायचे सामान फिलिपिनो लोक असे महिनोन्महिने एका खोक्यात भरत राहतात, आणि ते काठोकाठ भरले की मग जहाजाने रवाना करतात. त्याच्या खोक्यात साबणाच्या वड्या होत्या, मटणाचे डबे होते, बायकोसाठी चपला होत्या. पण मधोमध, दोन टॉवेल गुंडाळून, त्याने विहिरीसारखी एक गोल जागा मोकळी ठेवली होती.

"इथे काय?" मी विचारले.

"इथे चषक. माप घेऊन ठेवलंय, बुन्सो."

बुन्सो म्हणजे घरातले शेंडेफळ. मी त्याला कुया म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ. आमच्या ऑफिसात तो ड्राफ्ट्समन होता आणि मी क्लार्क. अकरा वर्षांच्या नोकरीनंतर तो त्या महिन्याच्या अखेरीस कायमचा घरी जाणार होता. फिलिपिनो मंडळींच्या टेबल टेनिस लीगमध्ये तो तीनदा अंतिम सामन्यात पोचला होता आणि तिन्ही वेळा हरला होता. आता चौथी वेळ होती, आणि यानंतर वेळच उरणार नव्हती.

त्या सामन्याचा पंच मी होतो.

हे कसे झाले ते सांगायला हवे. मी श्रीवर्धन तालुक्यातला. अब्बा मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, त्यांना सही करता येत नव्हती. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजात जिमखान्याचे एक टेबल होते, पण खेळात मी अगदी कच्चा. जिमखान्याचे सर एकदा म्हणाले, "तुझा आवाज बरा आहे, तू गुण पुकार." आणि त्यांनी नियमांचे पुस्तक हातात दिले. मला पाठांतराची सवय होती. परीक्षेचा अभ्यास करावा तसे मी ते पुस्तक पाठ केले, आणि पुढे जिल्ह्याची पंचपरीक्षाही पास झालो. मनामाला येताना बॅगेत कुराण, डिग्रीचे सर्टिफिकेट आणि त्या पुस्तकाची झेरॉक्स होती. झेरॉक्स का आणली हे मला आजही सांगता येणार नाही.

ऑफिसात रुजू झालो तेव्हा कॉम्प्युटर मी फक्त लांबून पाहिला होता. तीन महिने प्रोबेशन होते. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून मालाचे एक संपूर्ण पत्रक पुसले गेले. कुयाने कोणाला काही न सांगता ड्युटी संपल्यावर बसून ते माझ्याकडूनच पुन्हा करून घेतले. त्यानंतर दोन महिने रोज अर्धा तास तो मला शिकवत होता. माझी नोकरी टिकली ती त्याच्यामुळे, ही गोष्ट मी घरी पत्रात लिहिली होती. अब्बांनी शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेल्या उत्तरात एवढेच होते: त्या माणसाला कधी विसरू नकोस.

लीगमध्ये उत्तरेकडच्या बेटावरचे आणि दक्षिणेकडच्या बेटांवरचे असे दोन गट होते. आपसांत बोलायची भाषासुद्धा वेगळी. अंतिम सामन्यात कुया उत्तरेचा, आणि समोर एका दवाखान्यातला लॅब टेक्निशियन, तो दक्षिणेचा. एका गटाचा पंच दुसऱ्याला चालेना. शेवटी लीगची सेक्रेटरी, ती एक नर्स होती आणि सगळे तिला आते, म्हणजे थोरली बहीण म्हणायचे, माझ्याकडे आली.

"सर, तुम्ही आमच्यातले कोणीच नाही. तुम्हीच बसा."

"पण कुया आणि मी एकाच ऑफिसात आहोत."

मी हे मीटिंगमध्येही सर्वांसमोर सांगितले. टेक्निशियन म्हणाला, "सर पुस्तकाने चालतात. मला चालेल."

त्याच मीटिंगमध्ये मी नियम वाचून दाखवले. ही मंडळी इतकी वर्षे घरगुती पद्धतीने खेळत आली होती. आठवड्यातून एकदा शुक्रवारी जमायचे, खेळायचे, शेवया खायच्या. गेम अर्धा तास चालली तरी कोणी घड्याळ बघत नसे. मी म्हटले, फायनलला पुस्तक लागू होईल. त्यातला एक नियम मी दोनदा वाचला. पंधरा मिनिटांत गेम संपली नाही तर पंचाने खेळ थांबवायचा. त्यानंतर दर गुणाला सर्व्हिस बदलणार, आणि ज्याची सर्व्हिस असेल त्याने तो गुण लवकर जिंकायचा. समोरच्याने तेरा वेळा चेंडू नीट परत केला की गुण समोरच्याचा. दोघांचे एकोणीस-एकोणीस गुण झाले असतील तरच हा नियम लावायचा नाही.

"समजलं?" मी विचारले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुयानेही डोलावली. "येस सर," तो हसून म्हणाला.

मी पुस्तक मिटले. आठवीत आमचे इंग्रजीचे सर "समजलं का?" विचारायचे तेव्हा अख्खा वर्ग "हो सर" म्हणायचा, आणि त्यातल्या निम्म्यांना काही समजलेले नसायचे. मी त्या निम्म्यांतलाच होतो. हे मला त्या वेळी आठवायला हवे होते.

दोन दिवसांनी टेक्निशियनचा ऑफिसात फोन आला. "सर, ते तेरा फटके पुन्हा सांगता? तेरा कोणाचे मोजायचे?" मी त्याला दहा मिनिटे समजावून सांगितले. माझ्यासमोरच्याच टेबलावर कुया नकाशावर वाकून काम करत होता. त्याला मी काही विचारले नाही. पंचाने एका खेळाडूशी सामन्याबद्दल जादा बोलू नये, असे मला वाटले. दुसऱ्याशी मात्र नुकताच बोललो होतो.

सामना सनद भागातल्या भाड्याच्या हॉलमध्ये होता. जुम्म्याची नमाज आटोपून मी पोचलो तेव्हा एसी बंद केलेला होता. एसीच्या झोताने तो हलका चेंडू वाकतो, म्हणून फायनलला तो बंद ठेवायची त्यांची पद्धत. सप्टेंबरचे दिवस, दीडशे माणसे. आधीच्या सामन्यातल्या पोरांनी बॅटच्या रबराला ताजा डिंक लावला होता, त्याचा वास डोक्यात जात होता.

मी दोघांच्या बॅटी तपासल्या. कुयाच्या बॅटची लाल बाजू गुळगुळीत होती आणि काळ्या बाजूला लांब मऊ काटे होते. त्या काट्यांवर समोरच्याची फिरकी उलटी होऊन परत जाते, त्यामुळे जोरात मारणारी भलीभली पोरे त्याच्यापुढे वैतागून चुकायची. टेक्निशियनचीही रीत तीच, नुसते परतवत राहायचे. त्या वर्षी लीगमधल्या सगळ्या मारणाऱ्यांना या दोन परतवणाऱ्यांनी घरी पाठवले होते. तेव्हाच मला घड्याळाची काळजी वाटायला हवी होती.

पहिली गेम कुयाने घेतली, दुसरी टेक्निशियनने. तिसरी निर्णायक, तीत दोघेही सावध झाले. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकेक गुण वीस-पंचवीस फटक्यांचा. घामाने कुयाचा शर्ट पाठीला चिकटला होता. दर पाच गुणांनी तो टॉवेलने आधी बॅटचे काटे पुसायचा, मग तोंड.

"यल्ला, चला, माझी आजी यापेक्षा जोरात मारते," मागून कोणीतरी ओरडले.

"तुझ्या आजीला बोलाव मग. फायनलपर्यंत तीही पोचली नाही," कुयाच्या गटातून उत्तर आले. लोक हसले. मी हसलो नाही. घड्याळ माझ्या टेबलावर होते, आणि ते माझ्याशिवाय कोणाला दिसत नव्हते.

एकोणीस-अठरा. कुया पुढे. सर्व्हिस त्याची. एकविसाला गेम, म्हणजे दोन गुण. घड्याळाचा काटा चौदा मिनिटे आणि चाळीस सेकंदांवर होता.

रॅली सुरू झाली. मी एक डोळा चेंडूवर आणि एक काट्यावर ठेवला. पन्नास. पंचावन्न. टेक्निशियनच्या बॅटवरून चेंडू निसटला आणि उंच उडाला, जाळीपासून हातभर वर. अख्ख्या सामन्यात असा सोपा चेंडू कोणाला मिळाला नव्हता. कुयाने बॅट मागे नेली. त्याच क्षणी काटा पंधरावर आला.

तीन सेकंद गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळले नसते. हा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवणार नाही.

"टाइम," मी म्हणालो आणि हात वर केला.

त्याचा फटका तोवर सुटला होता. चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात आदळला आणि हॉलमध्ये गलका झाला. त्याच्या गटातले लोक उभे राहिले. वीस-अठरा झाले असे सगळ्यांना वाटले. मी हात तसाच वर ठेवला. गलका हळूहळू उतरला.

"हा गुण धरायचा नाही. वेळ संपली. एकोणीस-अठरा. सर्व्हिस पुन्हा."

"सर, चेंडू तर पडला," कोणीतरी म्हणाले.

"वेळ आधी संपली."

आते ठरल्याप्रमाणे फटके मोजायला टेबलाशी येऊन उभी राहिली. कुयाने सर्व्हिस केली, आणि नेहमीसारखा परतवत बसला. ती मोठ्याने मोजत होती. नाइन. टेन. इलेव्हन. त्याच्या गटातून त्यांच्या भाषेत ओरडा सुरू झाला, मार, मार. तो परतवत राहिला. ट्वेल्व्ह. थर्टीन.

"एकोणीस-एकोणीस," मी पुकारले.

तो बॅट खाली करून माझ्याकडे बघत राहिला. चेंडू जाळीत गेला नव्हता, बाहेर गेला नव्हता, तरी गुण गेला होता. मग तो माझ्या टेबलाजवळ आला आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "बुन्सो, मी काय करायचं?"

पंचाला डावपेच सांगता येत नाहीत. नियम सांगता येतो. मी तोच नियम, तेच शब्द, तिसऱ्यांदा सांगितले. घामाने भरलेल्या चेहऱ्याने त्याने पुन्हा मान डोलावली. या वेळी मला कळले की ती मान म्हणजे काय आहे.

पुढची सर्व्हिस टेक्निशियनची. आता परतवणे कुयाच्या फायद्याचे होते आणि ते त्याच्या हाडात होते. तेरा पुरे झाले. वीस-एकोणीस. जिंकायला एक गुण. आता मात्र त्याच्या ध्यानात आले होते. सर्व्हिस केली आणि सहाव्याच चेंडूला त्याने मारले. अकरा वर्षांत त्याला असे मारताना कोणी पाहिले नव्हते. चेंडू जाळीच्या पट्टीला लागून त्याच्याच बाजूला पडला. वीस-वीस. आता जो दोन गुणांनी पुढे जाईल तो जिंकणार.

टेक्निशियनने आपल्या सर्व्हिसवर तिसऱ्या चेंडूला सरळ कोपऱ्यात मारले. सरावाचा फटका होता. दहा मिनिटांच्या त्या फोननंतर त्याने रोज तोच सराव केला असणार, हे बघताक्षणी कळत होते. वीस-एकवीस.

शेवटची सर्व्हिस कुयाची. तो मारत होता, खरेच मारत होता. टेक्निशियन टेबलापासून तीन पावले मागे जाऊन एकेक चेंडू उचलत होता. आतेचा आवाज बसत चालला होता. ती कुयाच्याच गावाकडची, पण एकही आकडा तिने गिळला नाही. इलेव्हन. ट्वेल्व्ह. कुयाने सगळा जोर लावला. चेंडू परत आला आणि टेबलाच्या कडेला हलकेच लागून खाली गेला.

"थर्टीन," ती म्हणाली.

कुयाने आधी टेक्निशियनचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे आला, माझाही हात हातात घेतला आणि म्हणाला, "थँक यू, सर." अडीच वर्षांत त्याने मला थट्टेशिवाय सर म्हटलेले ते एकदाच. त्याच्या गटातले कोणी माझ्याशी बोलले नाही. शेवयांची एक प्लेट मात्र आतेने माझ्यासमोर आणून ठेवली. "वरचं मांस काढलंय, खालची कोलंबी खाऊ शकता," असे म्हणाली.

आठवडाभर ऑफिसात आम्ही कामापुरते बोललो. पुढच्या शुक्रवारी मी बसने हमद टाउनला गेलो. त्याच्या खोलीत खोके उघडेच होते आणि मधली गोल जागा तशीच होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"टाइम पुकारणं नियमातच होतं. आतेने नंतर सांगितलं."

"टाइमचं नाही. तुला समजलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. त्याने फोन केला, त्याला सांगितलं. तू समोर बसला होतास."

तो साबणाच्या वड्या सरळ करू लागला. "मीही विचारलं नाही," तो म्हणाला. "तू सर्वांसमोर इंग्रजीत वाचत होतास. मीच तुला कॉम्प्युटर शिकवला. तुला काय विचारू?"

मग त्याने पलंगावरची चादर ओढून सपाट केली, मधोमध चपलांची जोडी जाळीसारखी उभी केली आणि मोज्याचा गोळा करून माझ्या हातात दिला. "आता सांग. सावकाश."

मी सांगितले. पुस्तकातले शब्द सोडून, मोज्याचा गोळा इकडून तिकडे फेकत सांगितले. संपल्यावर "समजलं?" असे मी विचारले नाही. "आता तू मला सांग," म्हटले. त्याने सांगितले, आणि तेरा कोणाचे मोजायचे तिथे एकदा अडखळला. आम्ही पुन्हा केले. तिसऱ्या खेपेला तो कुठेही चुकला नाही.

"म्हणजे एकोणीस-अठरावर मी लगेच मारायला हवं होतं."

"हो."

"आणि मी परतवत बसलो." तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

जाताना मी खजुराचे दोन डबे नेले होते. एकावर एक ठेवले तर ते त्या गोल जागेत जवळजवळ बसत होते. वर वीतभर जागा उरली. त्याने मला विचारले, ती झेरॉक्स तुला अजून लागते का. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती आणून दिली. त्याने तिची सुरळी करून रबर बँड लावला आणि खजुरावरच्या त्या वीतभर जागेत ठेवायला खोलीवर नेली. खोके जहाजावर चढले त्या दिवशी वजन करणाऱ्याने आत काय म्हणून विचारले, तेव्हा त्याने साबण, चपला, खजूर असे सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाला, "एक पुस्तक."