पत्र्याखालचा वर्ग

"मॅडम, एक सही तेवढी करा. फाईल पुढे जाऊ दे," म्हणत मुख्याध्यापक कदम सरांनी पेन माझ्यापुढे सरकवलं.

फाईल आर्याची होती. इयत्ता चौथी. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. माझी शिफारस मिळाली की तिला शहरातल्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत घालायचं, असं सरांचं आणि तिच्या वडिलांचं फोनवर ठरलं होतं. वडील संदेश मुंबईला लिफ्ट दुरुस्तीच्या कामात. गणपतीला येणार आणि जाताना पोरीला पोचवून जाणार. आमच्या भागात मोठे निर्णय असे गणपतीसाठी नाहीतर शिमग्यासाठी राखून ठेवलेले असतात.

मी विशेष शिक्षिका. देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या शाळा माझ्याकडे आहेत. ज्या मुलाला दिसण्यात, ऐकण्यात, शिकण्यात अडचण आहे, त्याला त्याच्याच गावच्या शाळेत शिकता यावं, हे माझं काम. नोकरी कंत्राटी आहे, पण पदवी पक्की आहे. आमच्या बौद्धवाडीतली पहिली पदवी माझी. ती मी सही करण्यासाठी घेतलेली नाही, बघून सही करण्यासाठी घेतली आहे. सरांना एवढं बोलले नाही. आधी मुलीला भेटते म्हणाले.

निवासी शाळा वाईट असते असं माझं म्हणणं नाही. ज्या मुलाला कानाचं मशीन लावूनही बोलणं कळत नाही, त्याला तिथे खुणांची भाषा मिळते, सोबती मिळतात. पण आर्या बोलत होती. वाडीतल्या पोरींशी भांडत होती. तिला घरापासून तोडायचं तर कारण भक्कम हवं.

सरांच्या ऑफिसात मी तिची चाचणी घेतली. मशीन लावलं, तिच्या मागे उभी राहिले आणि हळू आवाजात शब्द बोलत गेले. तिने सगळे बिनचूक परत म्हटले. शेवटी तर म्हणाली, "बाई, कायतरी कठीण विचारा ना."

आणि हीच मुलगी वर्गात मशीन काढून दप्तरात ठेवते आणि फळ्याकडे बघत बसते.

तिची आई शाळेतच खिचडी शिजवते. ती म्हणाली, "दुखतंय सांगते ओ. डॉक्टरला दोनदा दाखवलं. कानात कायच नाय म्हणतात." मशीनचा कानात बसणारा भाग, ज्याला आम्ही साचा म्हणतो, तो मीही तपासला. टोचत नव्हता. मग आईने सहज सांगितलं, "उन्हाळ्यात घालायची की. शाळा सुटली तरी काढायची नाय. ह्या जूनपासनंच नाटकं."

मी सरांना विचारलं, जूनपासून शाळेत काय बदललं?

"काय बदलणार? पोरं तीच, मास्तर मीच. हां, चौथी नव्या खोलीत बसते आता."

नवी खोली म्हणजे गावच्या मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईत कामाला असलेल्या गावकऱ्यांनी, बांधून दिलेला डिजिटल वर्ग. चिऱ्याच्या गुळगुळीत भिंती, मोठा टीव्ही, दाराशी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. आणि वर पत्रा. जुनी खोली कौलारू. तिच्यात आता सरांचं ऑफिस आणि पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्या.

मी नव्या खोलीत जाऊन मागच्या बेंचवर बसले. सर शिकवत होते. पावसाची एक मोठी सर आली आणि पत्र्यावर ताशे वाजायला लागले. सरांनी आवाज चढवला, पोरं पुढे झुकली. आर्याने शांतपणे कानामागची मशीनं काढली आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवली.

इथे थोडं समजावते. साधं श्रवणयंत्र सगळाच आवाज मोठा करतं. त्यातला सरांचा कोणता आणि पावसाचा कोणता, हे निवडायचं काम डोक्याला करावं लागतं. पत्र्याखाली यंत्रातून ऐकताना ते कोणाच्याच डोक्याला जमणार नाही. पोर दुखतंय म्हणत होती ते खरं होतं. आम्ही सगळे कान तपासत बसलो होतो, छप्पर कोणी बघितलंच नव्हतं.

उपाय सोपा होता. चौथी कौलाखाली आणायची, ऑफिस पत्र्याखाली न्यायचं. मी सरांना तसं सांगितलं.

सर हसले. "मॅडम, तुम्ही महिन्यातून एक-दोनदा येणार, चहा घेणार, जाणार. मला ह्या गावात राहायचंय. मंडळाने खोली दिली ती तांदूळ ठेवायला? आणि मंडळाचा सेक्रेटरी कोण माहीत आहे का? आर्याचे पप्पा. दोन वर्षं सुट्टीचे दिवस घालवून, मुंबईभर फिरून त्यांनी ह्या खोलीसाठी देणग्या जमवल्यात. आता तुम्हीच सांगा त्यांना."

"सांगते," मी म्हणाले. सही न करता निघाले.

आमच्या घरी गणपती नसतो, त्यामुळे मला सुट्टी मोकळी होती. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्कूटीवरून गावात गेले. सरांकडून चाव्या आधीच मागून घेतल्या होत्या. माझ्या निरोपावरून संदेश आर्याला घेऊन शाळेत आले. दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी होती, त्याआधी पोरीला पोचवायचं होतं. तिची बॅग भरून तयार होती, माझी सही तेवढी बाकी होती.

माणूस सरळ होता. "मॅडम, मला हौस आहे का पोरीला लांब ठेवायची? पण मशीन दिलं, डिजिटल वर्ग दिला. अजून काय करायचं बापाने? ती शिकतच नाय."

मी वाद घातला नाही. माझ्याकडे एक नळी असते, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी. तिच्या टोकाला श्रवणयंत्र जोडलं की मुलाला त्यातून काय ऐकू येतं ते आपल्याला ऐकता येतं. आर्याचं एक मशीन काढून जोडलं, आवाज त्यांच्या चांगल्या कानांना सोसेल इतका कमी केला आणि नळी त्यांच्या कानात दिली. आधी ऑफिसात. बाहेर पाऊस लागला होता, पण कौलाखाली त्याची नुसती कुजबुज होती. मी दोन वाक्यं बोलले.

"एकदम क्लिअर," ते म्हणाले.

मग नव्या खोलीत गेलो. त्यांना आर्याच्या जागेवर बसवलं, आर्या शेजारी बसली. मी दाराशी उभी राहून वर्गात बोलतात तशा आवाजात बोलायला लागले. त्यांनी डोळे बारीक केले. माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग दोन्ही हातांनी नळी उपटून काढली.

"काय बोललात तुम्ही?"

"पाटीवरची नावं वाचली," मी म्हणाले. "तिसरं तुमचं होतं."

त्यांनी वर पत्र्याकडे बघितलं, मग नळीकडे. आर्याला वाटलं पप्पांना लागलं. तिने त्यांचा कान धरून बघितला आणि विचारलं, "दुखलं?"

"हां गो," ते म्हणाले. "दुखलं."

तिथूनच त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. पत्र्याखाली ऐकू येईना म्हणून पडवीत जाऊन बोलले. समोरून बरीच कुरकुर झाली असावी, कारण शेवटी ते म्हणाले, "पाटी कुठे जात नाय, अण्णा. पाटीखाली मुख्याध्यापकांचं ऑफिस येईल. उलट शोभेलच." ही युक्ती मला सुचली नसती. मंडळात राहिलेल्या माणसालाच सुचते.

आर्याची बॅग घरी जाऊन रिकामी झाली. सुट्टीनंतर चौथी कौलाखाली आली. टीव्हीचा तास असेल तेव्हा, आणि पाऊस नसेल तर, मुलं नव्या खोलीत जातात. मशीन आता शाळा सुटेपर्यंत कानावर असतं. आर्या काही पहिल्या नंबरात आलेली नाही. वाचन बरं आहे, भागाकार कच्चा आहे, आणि वर्गात बडबड करते अशी कदम सरांची तक्रार आहे. ती तक्रार मी आनंदाने नोंदवून घेतली. पत्र्याखाली सीलिंग टाकायचं मंडळाने मनावर घेतलं आहे. अजून मनावरच आहे.

तोवर पाऊस पडला की सरांना ऑफिसात फोन ऐकू येत नाही. ते पडवीत येऊन बोलतात. त्यांचे कान ठणठणीत आहेत.

मूल शिकत नाही असं कोणी म्हणालं, की मी आता आधी त्याच्या जागेवर जाऊन बसते. शक्यतो पावसाळ्यात.