बाईंकडे राहिलेला एक गुण

शकुंतलाबाईंची नि माझी ओळख एका प्रश्नाने झाली. भिलाईच्या पावर हाउस स्टेशनजवळच्या त्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आई मला गाणं शिकायला घेऊन गेली. मी नमस्कार केला, तर गायला सांगायचं सोडून बाईंनी विचारलं, "धावत आली का व? श्वास अर्धाच घेऊन राहिली." मी खरंच फाटकापासून पळत आले होते. आधी श्वास, मग सूर, ही त्यांची शिकवण त्या दिवसापासूनची.

बाईंना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे यजमान दुर्गला गार्ड होते. भिलाईतल्या कितीतरी मुली बाईंच्या पुढच्या खोलीत गाणं शिकल्या. पण बाईंचा खरा छंद म्हणजे चौकशा! माझी आई दवाखान्यात असताना त्या रोज संध्याकाळी मऊ खिचडीचा डबा आणायच्या आणि नर्सला विचारायच्या, "हे मशीन टुकटुक कावून करून राहिलं?" तेवढ्या दुखण्यातही आई हसायची.

अशा बाईंना सुनेने मोबाइलवरचा एक खेळ दाखवला, मग काय विचारता! टीव्हीवर गाण्याची स्पर्धा चालू असताना घरबसल्या आपणही गुण द्यायचे. परीक्षकांशी ज्याचे गुण जुळतील तो पुढे, आणि सर्वांत पुढे राहील त्याला अंतिम फेरीला स्टुडिओत बोलावणं. बाईंना तिथे जायचंच होतं. "तिथं गळा हाय तसाच आयकू येते, का मशीन लावतेत, मले पाहाचं हाय," असं त्यांचं चालायचं. दर शनिवारी आम्ही शिष्या जमायचो. बाई टीव्हीच्या पडद्यावर टॉवेल टाकायच्या. चेहरा, कपडे, रडकथा काही दिसायला नको, नुसतं ऐका आणि बोट दाबा. असं खेळूनही त्या सर्वांत पुढे होत्या.

त्याच स्पर्धेत माझी मुलगी ईशा पोहोचली. तीही बाईंचीच शिष्या. तिचं गाणं आधीच चित्रित झालं होतं. ते दाखवलं त्या शनिवारी ती अजून मुंबईतच होती आणि बाईंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गाणं आम्हा सगळ्यांना निर्दोष वाटलं. बायका डोळे पुसत होत्या. बाईंनी सात दाबले. परीक्षकांनी दहापैकी दहा दिले आणि बाईंची पहिली जागा तिथेच गेली.

"बाई, दहा मिळतील हे तुमालेही माहीत होतं. कावून सात?" माझा आवाज चढलाच.

"दुसऱ्या अंतऱ्याले पोरीनं अर्धाच श्वास घेतला. तरी सूर कसा लागला, हेच मले समजून नाही राहिलं."

दोन दिवसांची सुट्टी घेऊन ईशा आली. दुर्ग स्टेशनावर हारतुरे झाले. ती मात्र घरी न येता थेट बाईंकडे गेली आणि त्यांच्यापाशी बसून रडली. "आजी, सूर गेलाच होता. टीव्हीवर दाखवायच्या आधी त्यांनी ठीक कर दिया. परीक्षकांनीही ऐकून न ऐकल्यासारखं करून दहा दिले. मले तर डरच लागून राहिला होता."

"म्हणजे मशीन असते!" बाईंनी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. दुसऱ्याच क्षणी म्हणाल्या, "बस. अंतरा घे."

पुढची फेरी थेट प्रक्षेपणाची होती, तिथे मशीन वाचवणार नव्हतं. टॉवेल नेहमीसारखा पडद्यावर होता. दुसऱ्या अंतऱ्याआधी ईशाने श्वास घेतला, पूर्ण, आणि तो या वेळी मलाही ऐकू आला. मी बाईंचा हात घट्ट धरला. दुसऱ्या हाताने त्यांनी नऊ दाबले.

ईशा स्पर्धा जिंकली नाही. आता ती दर रविवारी बाईंकडे जाते, तो एक गुण कुठे अडला हे विचारायला. बाई "गा, मग पाहू," म्हणतात.

बाई, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, तुमचे कान असेच तिखट राहोत आणि चौकशा कधी न सरोत. आमच्या पोरीचा एक गुण तुमच्याकडे राहिला आहे. तो दिल्याशिवाय आम्ही तुम्हाला कुठेही जाऊ देणार नाही.