यांगझोमच्या आईची बातमी

जर्मनीत ब्राउनश्वाइगला माझ्या मुलाच्या, हृषिकेशच्या घराखाली यांगझोम राहते. तिबेटची. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते आणि सुटीला वर येऊन या म्हातारीशी हिंदीत भांडते. तिची हिंदी बरी, लहानपणी पळून हिमाचलात आली तेव्हाची. माझी देवालाच ठाऊक.

तिचं गाव फार उंचावर, नदीच्या खोऱ्यात. एक रस्ता, शाळा, दवाखाना, पोलीसचौकी, भोवती सातूची शेतं. एवढं सगळं सांगते, पण नाव विचारलं की गप्प. मला राग यायचा. मी काय तिचं गाव उचलून नेणार होते? मग एकदा म्हणाली, "अम्मा, तिकडे आई आहे. मी इथे काय करते त्याचा जाब तिथले चिनी पोलीस तिला विचारतात." म्हणून तिने फोन करणंही सोडलं. आईचा आवाज ऐकून वर्षं झाली.

परवा दुपारी आम्ही दोघी लसूण सोलत होतो. बेल वाजली. दारात तिच्याच तोंडवळ्याचा माणूस. हिंदीत म्हणाला, "खाली यांगझोम राहते ना? दार उघडत नाही. मी तिच्या गावचा."

मी मागे पाहिलं. यांगझोमने मान वर न करताच सांगितलं, "ती कोलोनला गेली राहायला. मी तिची मैत्रीण."

"गेनाऊ, गेनाऊ," मी म्हटलं. म्हणजे अगदी खरं. खोटं बोलायचं तर जर्मनमध्ये बरं, आपल्या देवाला कळत नाही.

माणूस गोड हसला. यांगझोम काम कुठे करते, मोर्च्यांना जाते का, सोबत कोण असतं, नंबर आहे का? मला बघायला आलेल्यांनीसुद्धा इतकं विचारलं नव्हतं. बोलताना नजर टेबलावरच्या यांगझोमच्या मोबाइलवर. मी टेबलाशी जाऊन त्यावर लसणाची सालं ढकलली.

मग तो हळूच म्हणाला, "तिची आई गेली, थंडीत. घरी फोन कर म्हणावं."

"सांगते," यांगझोम म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली. दार लागलं तेव्हा कुठे तिचे हात थांबले.

"खरं असेल गं?" मी विचारलं.

"काय माहीत? मी फोन करावा म्हणूनही सांगितलं असेल. केला की सापडले." ती रडायला लागली. "आमच्यात माणूस गेलं की दिवे लावतात, अम्मा. पण ती असली तर? जित्या आईला मेली धरू?"

"हे बघ, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, आमच्याकडे म्हणतात. खरी असेल तर दिवा तिला पोचेल. खोटी असेल तर म्हातारी शंभरी गाठेल. तू लाव."

"तुमच्याकडे सगळ्याला उत्तर असतं," ती नाक पुसत म्हणाली.

मी वाटीत साजूक तूप काढलं, वात वळून दिली. तिने आधी खिडकीचा पडदा ओढला, खाली रस्त्यावर कोणी उभं नाही ना ते फटीतून पाहिलं, आणि मग काडी ओढली.