कान गार पडले म्हणून

माझ्या लेकीने हॅम्स्टर आणला तेव्हा मी तिला दारातच अडवलं. म्हटलं, "लोक उंदीर पकडायला पिंजरा लावतात, आणि तू पिंजऱ्यात घालून उंदीर घरात आणतेस होय?" ती म्हणाली, "आई, उंदीर नाही गं, हॅम्स्टर आहे." शेपूट तोकडं असलं म्हणून काय झालं! पण ऐकेल तर ती माझी लेक कसली. पुढे सहा महिन्यांत तिला बेंगळुरूला नोकरी लागली. ती गेली आणि तो माझ्या गळ्यात पडला.

यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. नागापूरच्या ज्या कारखान्यात ते होते त्याचा भोंगा आमच्या घरी अजून ऐकू येतो. भोंगा झाला की माझा हात चहाच्या पातेल्याकडे जायचा, आणि मग मी एकच कप पाणी घालायची. घरात हलणारं-डुलणारं असं आम्ही दोघंच, मी आणि तो. संध्याकाळी तो चाकावर पळायला लागला की मी टीव्हीचा आवाज कमी करायची.

लेकीचा फोन रविवारी यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "तो काय करतोय?" मग त्याने काय खाल्लं, गालात किती दाणे कोंबले, चाकावर पळाला का. माझा नंबर अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता. मला राग यायचा, का नाही येणार? नऊ महिने पोटात मी वाढवली आणि चौकशी त्या मेल्याची! पण खरं सांगते, बोलायला आमच्याकडे तोच होता. तिच्या ऑफिसातलं मला कळत नाही आणि माझ्या गुडघ्यांचं तिने तरी किती ऐकावं? तो नसता तर दोन मिनिटांत "ठेवते गं" झालं असतं.

पहिल्याच हिवाळ्यात, पौषातल्या एका सकाळी, तो कोपऱ्यात गोळा होऊन पडलेला दिसला. हाक मारली, बोट लावलं, हलेना. मी घोडेगावची. आमच्या घरात आजोबांपासून बैलांचा व्यापार. जनावर बसलं की आमची माणसं आधी त्याचा कान चाचपतात. मी दादाला फोन लावला.

"कान बघितला का? गार हाय?"

"गारच आहे रे. बर्फ नुसता."

"मग गेलं ते. पुरून टाक. आन् खड्ड्यात मीठ घालाया इसरू नको, न्हाईतर कुत्री उकरत्यात."

बैलाची परीक्षा मी मूठभर जिवाला लावली. परसात कढीपत्त्याच्या बुडाशी खुरप्याने खड्डा केला, त्यात मीठ टाकलं आणि त्याला फडक्यातून उचललं. तेवढ्यात त्याची मिशी हलली. अगं बाई, जिवंत गाडत होते की मी त्याला!

पदरात धरून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे शेळ्या घेऊन बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसा म्हटलं. डॉक्टर मात्र भला माणूस. म्हणाला, "काकू, थंडीने गारठला की हा असाच पडतो. मेल्यासारखाच दिसतो. कान बघू नका. पोटाकडे टक लावून बघा, श्वास फार सावकाश चालतो. मिशा बघा. आणि पुरायची घाई करू नका, आधी ऊब द्या." तासाभरात माझ्या ओंजळीत तो उठून बसला आणि मला चावला. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा मुका घेतला.

वर्ष गेलं. मग या माघात त्याने चाक सोडलं. पाठीवरचे केस गेले, कणा हाताला लागायला लागला. दाणे दिले तर गालात भरायचा नाही, तसेच पडून राहायचे. चालताना मागचे पाय एकीकडे जायचे. मला काय कळत नव्हतं? जनावरांच्या घरातली मी, म्हातारं जनावर ओळखू येतंच. पण रविवारी लेकीने विचारलं की मी म्हणायची, "मजेत आहे. आत्ताच झोपलाय." सलग चार रविवार मी खोटं बोलले.

फाल्गुनातल्या शुक्रवारी सकाळी तो गार पडला होता. कान पाहिला नाही मी. पोट पाहिलं, मिशा पाहिल्या. काही नाही. मग डॉक्टरचं बोलणं धरून बसले, घाई करू नका, ऊब द्या. गरम पाण्याची पिशवी केली, माझी जुनी शाल काढली. दर तासाला पाणी बदललं. शनिवारीसुद्धा. तो लाकडासारखा ताठ झाला होता, शालीला वास यायला लागला होता. डोक्यावर पंखा गरगरत होता, घाम पुसत मी त्याला ऊब देत होते. फाल्गुनात कसली आलीय थंडीची झोप! हे मला शुक्रवारीच ठाऊक होतं. पण तो गेला म्हटलं असतं तर रविवारी लेक माझ्याशी काय बोलली असती?

रविवारी फोन आला. "आई, आज तरी दाखव ना त्याला."

"झोपलाय" म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. "गेला गं तो. शुक्रवारीच गेला. मी शालीत घेऊन बसलेय."

मला वाटलं, आता ठेवते म्हणेल. नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग तिने विचारलं, "तू जेवलीस का?"

"हो," म्हटलं सवयीने. मग म्हटलं, "नाही. कालपासून नाही."

"आधी त्याला ठेवून ये. मग कुकर लाव. मी आहे फोनवर."

मी फोन खिडकीत उभा केला. कढीपत्त्याच्या बुडाशी पुन्हा खड्डा केला, मीठ टाकलं, पुन्हा एकदा मिशा पाहिल्या आणि माती लोटली. हात धुतले, मुगाची खिचडी लावली. ती अधूनमधून काहीबाही विचारत होती, गुडघ्यांचंसुद्धा. कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी तिने फोन ठेवला नव्हता.