'लिहून घ्या'वाले सर

"लिहून घ्या," असं म्हणून सर तर्जनी वर करायचे आणि समोरच्याच्या हातात पेन आहे की नाही हे न बघताच सांगायला सुरुवात करायचे. आमच्या अकरा जणींच्या बचत गटात पेन एकटीकडे, म्हणजे माझ्याकडे; मी सचिव. बाकीच्या दहा जणी नुसत्या माना हलवायच्या. सरांना मान हलली की पुरे.

तुमच्याही गावात असे एक सर असतीलच. आमचे लातूरकडच्या एका कृषी विद्यालयातून निवृत्त होऊन नायगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले होते. तीस वर्षं त्यांनी पोरांना कुक्कुटपालन शिकवलं होतं. गटाने गावरान अंडी उबवायचं मशीन आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सर आले आणि खुर्ची मागून बसले. मार्गदर्शक म्हणून त्यांना कोणी नेमलं ते अजून कुणालाच माहीत नाही.

मशीन भरायला तीनशे अंडी लागायची. घरोघरची अंडी जमवेपर्यंत आठवडा जायचा. तोवर ती सांभाळायचं काम रुक्मिणकाकूंचं. त्यांच्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली करून ट्रे मांडलेले. खिडकीला ओलं पोतं. ट्रेच्या एका बाजूला वीट. सकाळी ती वीट काढून दुसऱ्या बाजूला सरकवायची, म्हणजे अंडी कलती होतात.

सरांनी हे बघितलं आणि नाकाला रुमाल लावला.

"बाई, हे काय करून राहिला तुम्ही? पोतं? वीट? लिहून घ्या. अंडं टिकवायचं तर दोनच गोष्टी. स्वच्छता आणि थंडी."

"सर, जीव हाय त्याच्यात," काकू म्हणाल्या. "लई गरम झालं तर अर्धवट जागं होऊन मरतंय, लई गार झालं तर झोपेतच जातंय."

"तुम्ही कितवी शिकला?"

काकू पोत्यावर पाणी शिंपडायला वळल्या. सरांना उत्तर मिळालं.

मग सरांच्या घरचा जुना फ्रीज टेम्पोत घालून आला. तीनशे अंडी आम्ही सोड्याच्या पाण्यात घासून धुतली. लग्नाची भांडी घासावी तशी. अंडी लखलखीत झाली, फ्रीजमध्ये जाऊन बसली. आठ दिवसांनी ती मशीनमध्ये ठेवली आणि एकविसाव्या दिवशी तीनशेतून नऊ पिल्लं निघाली.

गावात हसू झालं. दोघीजणींच्या नवऱ्यांनी मशीन परत देऊन टाका म्हणून धोशा लावला. आणि सर? सरांनी एक अंडं फोडलं, वास घेतला आणि तर्जनी वर केली.

"कोंबड्यात दम नाही. लिहून घ्या. कोंबडे बदला."

मी लिहून घेतलं. बाकीच्यांनी आपापले कोंबडे घराच्या धाब्यावर, वर छतावर लपवले. काकू भोळ्या; त्यांनी आपला तांबडा कोंबडा कापला. त्याचा रस्सा केला आणि सरांनाही बोलावलं. सर तंगडी चोखत म्हणाले, "झकास हाय." ज्याच्यात दम नव्हता त्याच्या दोन तंगड्या त्यांनी संपवल्या.

त्या दिवसानंतर काकूंनी कुणाला विचारलं नाही. पुढची अंडी त्यांनी न धुता, पोत्याच्या गारव्यात, आपल्या खोलीत ठेवली. फ्रीजमध्ये आम्ही वांगी भरली. सर दर दोन दिवसांनी येऊन फ्रीजच्या दारावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "बघा, आता कसं!" दार उघडून बघण्याची मात्र त्यांना कधी गरज वाटली नाही.

मशीन भरल्याच्या एकविसाव्या दिवशी सर भाषणाच्या तयारीने आले. मीही तयारीत होते. वांग्यांपासून सुरुवात करून तांबड्या कोंबड्यापर्यंत यायचं, असं ठरवूनच ठेवलं होतं.

मशीनच्या काचेआड अंडी हलत होती. एकाला तडा गेला. इवलंसं छिद्र पडलं, त्यातून चोच आली, थांबली, पुन्हा आली. सर वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"ते... आतून फोडतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मग? भायेरून कोन फोडणार?" काकू म्हणाल्या.

"मी फळ्यावर आकृती काढायचो. एकवीस दिवसांची. रंगीत खडूनं." काचेला नाक लावून म्हणाले, "बघितलं नव्हतं कधी."

तीस वर्षं! माझ्या जिभेवर चांगलं धारदार वाक्य आलं होतं. पण काकूंनी ओलं पिल्लू उचलून सरांच्या ओंजळीत ठेवलं. "दाबू नका," एवढंच म्हणाल्या. दुपारपर्यंत दोनशेच्या वर पिल्लं निघाली. सर उलट्या क्रेटवर बसून होते. जेवायला उठले नाहीत आणि तर्जनी एकदाही वर गेली नाही. माझं वाक्य वाया गेलं.

पुढे मुलीने त्यांना लातूरला नेलं, चौथ्या मजल्यावर. पिल्लं निघायच्या दिवशी तिथून त्यांचा फोन यायचा. मी फोन मशीनजवळ धरायचे. सर ऐकायचे, पण गप्प कसे राहतील? मध्येच सल्ला सुरू व्हायचा, मग काकू ओरडायच्या, "ऐका की गुमान!"

गेल्या हिवाळ्यात फोन मुलीचा आला. सर गेले होते.

त्यानंतरच्या खेपेला पिल्लं निघाली तेव्हा काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि मशीनजवळ धरला. लावला नव्हता कुणाला. पिल्लांचा नुसता गलका चालला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन पदराला पुसून परत दिला.

"घे," म्हणाल्या. "आज मधी बोलले न्हाईत."