उलटं पडलेलं वाक्य

ताई गेली तेव्हा तिची मुलगी दहा वर्षांची होती. मी बार्शीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते, माझं लग्न व्हायचं होतं. तेराव्याच्या दिवशी आई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "परकी बाई आनन्यापरीस तू हाईस की. पोरगी तुज्याच अंगाखांद्यावर वाढलीया." वर्षभर मी नाही म्हणत राहिले. मग दाजींशी लग्न करून सोलापूरला आले. त्यानंतर त्यांना काय हाक मारावी, हे मला कधी सुचलंच नाही.

मुलगी मला मावशीच म्हणायची. हट्ट करायची नाही, भांडायची नाही. डब्यात देईन ते खायची.

ती नववीत असताना एका संध्याकाळी मी तिला 'रिप्लेस' आणि 'सब्स्टिट्यूट' शिकवत होते. मुलं इथं हमखास गोंधळतात. रिप्लेस म्हणताना जुनी वस्तू आधी येते. सब्स्टिट्यूट म्हणताना नवी आधी, मग 'फॉर', मग जुनी. साखरेच्या जागी गूळ, असं उदाहरण दिलं आणि म्हटलं, "आता तुझ्या मनाचं एक वाक्य लिही."

तिनं लिहून वही सरकवली. 'माय फादर सब्स्टिट्यूटेड माय मदर फॉर माय आंटी.'

वडिलांनी आईच्या जागी मावशी आणली, असं तिला लिहायचं होतं. पण शब्द उलटे पडले होते. अर्थ झाला होता, मावशीच्या जागी आई आणली.

लाल पेन माझ्या हातात होतं. दोन शब्द इकडचे तिकडे करायचे, एवढंच. जमेना.

"चुकलं का?"

"हो."

"मग दुरुस्त कर ना."

"राहू दे," मी म्हणाले.

तिनं बोट ठेवून वाक्य पुन्हा वाचलं. हळूहळू तिच्या लक्षात आलं.

"असंच व्हायला पाहिजे होतं गं, मावशी," ती म्हणाली आणि रडायला लागली. ताई गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी तिला कुशीत घेतलं, तर "आई, आई" करत राहिली. ती हाक मला नव्हती. मलाही ताईच हवी होती. दाजी दारापर्यंत आले, आम्हाला बघून चपला घालून बाहेर निघून गेले.

आता ती पुण्यात शिकते. वसतिगृहाच्या फॉर्मवर तिनं आईच्या रकान्यात ताईचं नाव लिहिलं, पालक म्हणून सही मी केली. ती निघाली त्या दिवशी तिला गाडीत बसवून घरी आले. वाटेत कुर्डुवाडीवरून तिचा फोन आला.

"मावशी, जेवलीस का?"

मी हो म्हणाले. जेवले नव्हते.